एक पेनी आणि वीस मैल

७ जानेवारी १९५७, सोमवार. नाताळच्या सुट्ट्या संपून जोहान्सबर्गमधले कारखाने, दुकाने आणि कचेऱ्या पुन्हा नेहमीसारख्या सुरू होत होत्या. शहराच्या उत्तरेला नऊ मैलांवर असलेल्या अलेक्झांड्रा या काळ्या लोकांच्या वस्तीत पहाटे बसगाड्या नेहमीप्रमाणे उभ्या राहिल्या. पण त्या दिवशी त्यांत कोणी चढले नाही. मोलकरणी, धोबिणी, हमाल, शिपाई, कारखान्यांतले कामगार असे हजारो लोक रिकाम्या बसच्या शेजारून शहराकडे चालू लागले. संध्याकाळी ते तसेच चालत परत आले. दुसऱ्या दिवशी हेच घडले, तिसऱ्या दिवशीही. जवळजवळ तीन महिने हे चालू राहिले.

कारण अगदी किरकोळ वाटेल असे होते. बसचे भाडे चार पेन्सचे पाच पेन्स झाले होते. वाढ एका पेनीची.

एका पेनीसाठी माणसे रोज अठरा-वीस मैल का चालली? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपण केवळ एका आंदोलनाच्या इतिहासापाशी थांबत नाही. शहर कसे वाढते, कामाची जागा आणि राहण्याची जागा यांत अंतर का पडते, ते अंतर कोण ठरवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, असे भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांना स्पर्श करणारे प्रश्न समोर येतात. वाहतुकीचा अभ्यास म्हणजे फक्त रस्ते आणि गाड्या यांचा अभ्यास नव्हे, हे जोहान्सबर्गइतके स्पष्ट करून दाखवणारी शहरे थोडीच असतील.

सोन्याच्या रेषेवरचे शहर

बहुतेक मोठी शहरे नदीकाठी, बंदरावर किंवा जुन्या व्यापारी वाटांवर वसलेली असतात. जोहान्सबर्गला यांपैकी काहीच नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंचीच्या पठारावर, १८८६ साली विटवॉटर्सरँड नावाच्या डोंगररांगेत सोने सापडले आणि त्याच वर्षी हे शहर वसले. सोन्याचा थर पूर्व-पश्चिम पसरलेला होता. त्यामुळे खाणी त्याच रेषेत खोदल्या गेल्या आणि पहिला लोहमार्गही त्याच दिशेने धावला.

या पहिल्या लोहमार्गाची गोष्ट गमतीची आहे. खाणींना कोळसा हवा होता आणि तो पूर्वेला बॉक्सबर्गजवळ मिळत होता. पण बैलगाड्यांनी माल वाहणाऱ्यांचा रेल्वेला कडवा विरोध होता, कारण रेल्वे आली की त्यांचा धंदा बुडणार होता. तेव्हा युक्ती काढण्यात आली. १८९० साली जी रेल्वे सुरू झाली तिला रेल्वे न म्हणता ‘रँड ट्राम’ असे नाव दिले गेले. नाव ट्रामचे, काम आगगाडीचे! वाहतुकीचे साधन बदलले की कोणाचे तरी पोट अडचणीत येते, हा अनुभव या शहराने जन्मापासून तीन-चार वर्षांतच घेतला. पुढेही तो त्याला पुन्हा पुन्हा यायचा होता.

शहरात १८९१ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. १९०६ साली विजेवरच्या ट्रामगाड्या आल्या. पण ट्राम शहराची असली तरी शहरातल्या सर्वांची नव्हती. गोऱ्यांसाठी असलेल्या गाड्यांत काळ्या किंवा हिंदी माणसाला बसता येत नसे. जोहान्सबर्गमध्ये तेव्हा वकिली करणारे मोहनदास गांधी आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच वर्षी या प्रश्नावर न्यायालयात दाद मागितली होती.

खाणींमुळे आणखी एक गोष्ट घडली. सोने काढून उरलेल्या मातीचे प्रचंड पिवळसर ढिगारे शहराच्या दक्षिणेला साठत गेले. श्रीमंत गोऱ्यांची घरे खाणींपासून दूर, उत्तरेकडे सरकली. दक्षिणेला ढिगाऱ्यांचा एक आडवा पट्टाच तयार झाला. या पट्ट्यापलीकडची जमीन पुढे कोणाच्या वाट्याला आली, ते पाहण्यासारखे आहे.

तेरा मैल दूर

मार्च १९०४ मध्ये जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. या वस्तीत हिंदी लोकांबरोबर काळे लोकही राहत होते. नगरपालिकेने तिथे ना गटारे बांधली होती, ना दिव्यांची सोय केली होती. गांधीजींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. नगरपालिकेने मात्र साथ थोपवण्यासाठी वस्ती रिकामी करून जाळून टाकली. रहिवाशांना शहरापासून सुमारे तेरा मैलांवर माळरानावर तंबूंत नेऊन ठेवले. या जागेचे नाव क्लिपस्प्रुइट. शहराचे मैलापाणी जिथे सोडले जाई त्या शेताच्या जवळची ही जागा.

साथ ओसरली, पण काळ्या रहिवाशांना शहरात परत जागा मिळाली नाही. तात्पुरती छावणी कायमची वस्ती झाली. पुढे तिला पिमविल हे नाव मिळाले आणि आज आपण ज्याला सोवेटो म्हणतो त्या विशाल वसाहतसमूहाचा तो सर्वांत जुना भाग ठरला.

इथे एक बाब विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावी. या लोकांची कामे शहरातच राहिली. घरे तेवढी तेरा मैल दूर गेली. पूर्वी जो माणूस काही मिनिटांत पायी कामावर पोचत असे, त्याला आता गाडी लागू लागली आणि गाडीचे भाडे लागू लागले. त्याने काही मागितले नव्हते. त्याच्या गरजेत ही भर दुसऱ्या कोणीतरी घातली होती.

यानंतरच्या पन्नास वर्षांत हीच गोष्ट कायद्याने, आखून-रेखून करण्यात आली. १९२३ च्या कायद्याने नगरपालिकांना काळ्या लोकांसाठी शहराबाहेर वेगळ्या वस्त्या करण्याचा अधिकार मिळाला. १९३० नंतर नैऋत्येला ऑर्लँडो वसवले गेले. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे राज्याचे उघड धोरण बनले. १९५० च्या कायद्याने कोणत्या वंशाच्या माणसाने कोणत्या भागात राहायचे हेच ठरवून टाकले. ९ फेब्रुवारी १९५५ रोजी सोफियाटाउन या शहराला लागून असलेल्या वस्तीतून लोकांना पोलिस बंदोबस्तात ट्रकमध्ये घालून दूरच्या मेडोलँड्सला हलवण्यास सुरुवात झाली. रिकाम्या झालेल्या जागी गोऱ्यांसाठी नवे उपनगर बांधले आणि त्याचे नाव ठेवले ‘ट्रिओम्फ’, म्हणजे विजय. २००६ साली त्याला सोफियाटाउन हे जुने नाव परत मिळाले.

नगररचनाकारांनी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वस्त्यांमध्ये रिकामे पट्टे सोडले. कुठे खाणींचे ढिगारे, कुठे रेल्वेमार्ग, कुठे कारखाने हे या पट्ट्यांचे काम करत. नैऋत्येकडच्या या सर्व वस्त्यांना १९६३ साली एकच नाव देण्यात आले. ‘साउथ वेस्टर्न टाउनशिप्स’ या शब्दांची आद्याक्षरे जोडून ते बनवले होते: सोवेटो. लाखो माणसांच्या गावाला मिळालेले हे नाव म्हणजे नुसती एक दिशा होती, आणि तीही शहराच्या मध्यापासून मोजलेली.

अलेक्झांड्राची गोष्ट थोडी वेगळी. शहराच्या उत्तरेची ही जमीन एका मालकाने आधी गोऱ्यांना विकायला काढली होती. पण शहरापासून इतक्या लांब जमीन घ्यायला गोरे गिऱ्हाईक मिळेना. मग १९१२ साली ती काळ्या आणि मिश्रवंशीय लोकांना विकण्याची परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी काळ्यांच्या जमीनमालकीवर कडक बंधने घालणारा कायदा आला. म्हणजे अलेक्झांड्रा अगदी थोडक्यात बचावले. काळ्या माणसाला स्वतःच्या नावावर जमीन घेता येईल अशा अगदी मोजक्या जागांपैकी ती एक होती. जी जागा लांब म्हणून गोऱ्यांनी नाकारली, तीच काळ्यांना मिळाली. लांबीचे भाडे मात्र रोज मोजावे लागणार होते.

एका पेनीचे गणित

१९५७ पूर्वीही अलेक्झांड्राचे लोक बसभाड्यासाठी लढले होते. भाडे चारचे पाच पेन्स करण्याचा पहिला प्रयत्न १९४० मध्ये झाला. ऑगस्ट १९४३ मध्ये लोक नऊ दिवस चालले आणि भाडे पुन्हा चार पेन्सवर आले. या मोर्च्यात एक तरुणही सामील झाला होता. तो १९४१ मध्ये जोहान्सबर्गला आला होता, अलेक्झांड्रात खोली घेऊन राहिला होता आणि भाडे वाचवण्यासाठी पुष्कळदा पायीच कामाला जात असे. त्याचे नाव नेल्सन मंडेला. १९४४ च्या नोव्हेंबरात पुन्हा बहिष्कार सुरू झाला, तो सात आठवडे चालला. त्यानंतर १९४५ मध्ये या मार्गावरची वाहतूक पुटको या नव्या कंपनीकडे आली. बारा वर्षांनी हीच कंपनी तो पाचवा पेनी मागत होती.

आता एका पेनीचा हिशोब करून पाहू. त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश पद्धतीचे चलन होते. बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. जाताना एक पेनी जास्त, येताना एक पेनी जास्त. दिवसाला दोन पेन्स. आठवड्याचे कामाचे दिवस सहा. म्हणजे आठवड्याला बारा पेन्स, बरोबर एक शिलिंग. वर्षाला बावन्न शिलिंग, म्हणजे दोन पौंड बारा शिलिंग. घरातली दोन माणसे कामाला जात असतील तर दुप्पट. पुष्कळ कुटुंबांची कमाई पोटभर अन्न, भाडे आणि कपडे यांनाच पुरत नव्हती. त्यांच्यापुढे प्रश्न होता, हा शिलिंग कशातून काढायचा? भाकरीतून की मुलांच्या शाळेतून? बहिष्काराच्या काळात लोक जी घोषणा देत तिचा अर्थ अगदी सरळ होता: ‘असिनमाली’, आमच्याकडे पैसे नाहीत.

पण चालणे तरी फुकट असते का? हा हिशोबही विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखा आहे. अलेक्झांड्रा ते शहराचा मध्यभाग हे अंतर सुमारे १५ किलोमीटर धरू. ताशी ५ किलोमीटर वेगाने एका बाजूला तीन तास लागतील, जाऊन-येऊन सहा तास. आठ-नऊ तासांचे काम धरले तर दिवसाचे चौदा-पंधरा तास गेले. उरलेल्या वेळात स्वयंपाक, मुले, झोप. आता शरीराला लागणारी ऊर्जा पाहा. ६० किलो वजनाच्या माणसाला सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालायला ढोबळमानाने ५० किलोकॅलरी लागतात. ३० किलोमीटरांना १,५०० झाल्या. तिकडचे मुख्य अन्न मक्याच्या पिठाचे. १०० ग्रॅम पिठातून सुमारे ३६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे नुसत्या चालण्यासाठी रोज चारशे ग्रॅमहून थोडे अधिक पीठ जास्त खायला हवे. शिवाय बुटांचे तळवे झिजणार ते वेगळेच.

बहिष्कार घालताना लोक वाढीव दोन पेन्सच नव्हे, तर पूर्वीचे आठ पेन्सही वाचवत होते हे खरे. तरीही हा सौदा केवळ फायद्या-तोट्याचा नव्हता, हे आकड्यांवरून दिसते. इतका घाम गाळून, इतकी झोप मोडून कोणी नुसते पैसे वाचवत नाही. लोक काहीतरी ठामपणे सांगत होते.

चालणारे शहर

बहिष्काराची घोषणा होती ‘अझिखवेलवा’. झुलू भाषेतल्या या शब्दाचा आशय असा की, बसमध्ये चढायचे नाही. अलेक्झांड्रातल्या निरनिराळ्या संघटनांनी मिळून एक कृती समिती बनवली होती. तिच्या कामात पुढे असलेल्यांपैकी आल्फ्रेड न्झो हे १९९४ मध्ये स्वतंत्र, लोकशाही दक्षिण आफ्रिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. निर्णय मात्र मोकळ्या मैदानातल्या जाहीर सभांत होत. सभेने नाही म्हटले की नेत्यांनाही पुढे जाता येत नसे.

थोड्याच दिवसांत ही चळवळ अलेक्झांड्रापुरती राहिली नाही. सोफियाटाउन आणि प्रिटोरियाजवळच्या वस्त्या तिच्यात उतरल्या. नैऋत्येकडच्या ज्या वस्त्यांत भाडेवाढ झालीच नव्हती, तिथल्या लोकांनीही सहानुभूती म्हणून बस सोडली. सगळे मिळून पन्नास हजारांहून अधिक माणसे रोज पायी चालत होती. जानेवारी म्हणजे तिकडचा भर उन्हाळा, आणि जोहान्सबर्गचा पाऊसही उन्हाळ्यातच पडतो. दुपारनंतर ढग दाटून येत आणि घरी परतणारे लोक गडगडाटी पावसात भिजत चालत.

या लांबच लांब रांगा गोऱ्यांच्या श्रीमंत उपनगरांमधून जात. ज्या लोकांना शहराने नजरेआड ठेवले होते, ते आता सकाळ-संध्याकाळ बंगल्यांच्या फाटकांसमोरून चालताना दिसू लागले. काही गोरे मोटारवाले थांबून म्हाताऱ्यांना, बायकांना गाडीत घेऊ लागले. पोलिस अशा मोटारी अडवून परवाने तपासत. चालणाऱ्यांचे पासही तपासले जात. काळ्या माणसाला शहरात वावरायला पास लागत असे आणि तो जवळ नसला तर तुरुंग ठरलेला होता.

वाहतूकमंत्री बेन स्कूमन यांनी ठाम भूमिका घेतली. त्यांच्या मते हा भाड्याचा नव्हे, राजकारणाचा प्रश्न होता आणि सरकार वाकणार नव्हते. इतिहासाचा एक योगायोग असा की, जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया यांना जोडणाऱ्या महामार्गाला पुढे याच मंत्र्यांचे नाव दिले गेले, आणि हा रस्ता देशातल्या सर्वांत गर्दीच्या रस्त्यांपैकी एक झाला.

भाडे कोणी भरायचे?

सरकार हटेना, लोक हटेनात. मध्ये अडकले ते मालक. थकलेले कामगार उशिरा येत, कामाचा वेग मंदावला. शेवटी जोहान्सबर्गच्या व्यापारी मंडळाने तोडगा काढला. आधी सुचवले गेले की, लोकांनी पाच पेन्स द्यावेत आणि तिकीट दाखवून एक पेनी परत घ्यावा. लोकांनी हे नाकारले. एका पेनीसाठी रोज पुन्हा रांगेत कोणी उभे राहायचे? अखेर प्रवाशाने चार पेन्सच द्यायचे आणि उरलेला एक पेनी व्यापाऱ्यांनी उभारलेल्या निधीतून कंपनीला द्यायचा असे ठरले. एप्रिलच्या सुरुवातीला अलेक्झांड्राचे लोक पुन्हा बसमध्ये चढले. त्याच वर्षी संसदेने कायदा करून काळ्या कामगारांच्या वाहतुकीसाठी मालकांकडून पट्टी वसूल करण्याची तरतूद केली. भाडे चार पेन्सच राहिले.

या निकालाचा खरा अर्थ काय? बस कंपनी म्हणत होती की खर्च वाढला आहे, आणि ते खोटे नव्हते. पण खर्च इतका का होता? यामागे वाहतुकीचे एक साधे सूत्र आहे. समजा एका बसमध्ये ६० माणसे बसतात. ज्या शहरात घरे आणि कामाच्या जागा एकमेकांत मिसळलेल्या असतात, तिथे सकाळी बस एका दिशेने ६० माणसे नेते आणि परतताना समजा ४० माणसे आणते. एका फेरीला १०० भाडी मिळतात. पण सगळी घरे एका टोकाला आणि सगळी कामे दुसऱ्या टोकाला असतील, तर सकाळी बस भरून जाते आणि रिकामी परत येते. डिझेल तेवढेच, चालकाचा पगार तेवढाच, भाडी मात्र ६०. तोटा टाळायचा तर प्रत्येकाचे भाडे दीडपटीहून अधिक वाढवावे लागेल. शिवाय दुपारी बहुतेक बसगाड्या नुसत्या उभ्या.

म्हणजे तो पाचवा पेनी बसच्या इंजिनातून आला नव्हता. तो आला होता शहराच्या नकाशातून. ज्यांनी हा नकाशा काढला त्यांनीच वाढीव खर्च सोसावा, असे अलेक्झांड्राचे लोक आपल्या पायांनी सांगत होते. निदान एका पेनीपुरते तरी हे मालकांना आणि सरकारला मान्य करावे लागले. हा लहान विजय नव्हता.

पण या विजयाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांपासून लपवू नये. भाड्याला अनुदान मिळाले, पण अंतर कमी झाले नाही. उलट पुढच्या काळात सरकारने अनुदानाच्या आधारावरच लोकांना आणखी दूर वसवले. अनुदानाची रक्कम वाढत गेली आणि तिच्याबरोबर वेगळ्या वस्त्यांची व्यवस्थाही टिकून राहिली. दुखणे कायम ठेवून औषधाचा खर्च भागवावा, तसे हे झाले.

सोळा जणांची टॅक्सी

सोवेटोच्या लोकांचे मुख्य साधन होते आगगाडी. गाड्या इतक्या भरत की दारांना लटकून, दोन डब्यांच्या मध्ये उभे राहून तरुण प्रवास करत. त्यांना ‘स्टाफरायडर’ असे नाव पडले होते. १९७८ साली निघालेल्या एका प्रसिद्ध वाङ्मयीन नियतकालिकाने हेच नाव घेतले.

बस आणि रेल्वे दोन्ही सरकारच्या मुठीत. वेळापत्रक, मार्ग, थांबे सगळे वरून ठरणार. या चौकटीला छेद दिला तो काळ्या मालकांच्या छोट्या गाड्यांनी. आपल्याकडे वडाप म्हणतात तसाच हा प्रकार: गाडी भरली की सुटणार, हात केला की थांबणार. कायद्याने टॅक्सीत मोजकेच प्रवासी चालत, पण लोकांना गाडी हवी होती आणि नोकऱ्या नसलेल्यांना धंदा हवा होता. १९७० नंतर मोठ्या कोंबी गाड्या वाढत गेल्या. १९८७-८८ मध्ये सरकारने धोरण बदलून वाहतुकीवरची बंधने सैल केली आणि सोळा जणांची टॅक्सी कायदेशीर झाली. रस्त्यावर उभ्या माणसाने तर्जनी वर केली की चालकाला कळते, याला शहराच्या मध्यभागी जायचे आहे. निरनिराळ्या ठिकाणांसाठी बोटांच्या अशा कितीतरी खुणा आहेत. ही हातांची भाषा कोणत्याही खात्याने ठरवलेली नाही, प्रवाशांनी आणि चालकांनी मिळून घडवलेली आहे.

१९९० ते १९९४ या संक्रमणाच्या वर्षांत आगगाड्यांमधल्या प्रवाशांवर सशस्त्र टोळ्यांनी हल्ले केले, शेकडो माणसे मारली गेली. त्यामुळेही लोक टॅक्सीकडे वळले. पण टॅक्सीचा धंदाही सुखाचा नव्हता. परवाने सैल हाताने वाटले गेले, मार्गांवर स्पर्धा वाढली आणि मालकांच्या संघटनांमध्ये मार्गांच्या ताब्यासाठी गोळीबार होऊ लागले. दाटीवाटी, भरधाव वेग, जुन्या गाड्यांचे अपघात हे सगळे त्यात आले. तरीही आज जोहान्सबर्गमध्ये सार्वजनिक वाहनांनी जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक लोक टॅक्सीनेच जातात. ज्या साधनाला सर्वांत कमी अनुदान, त्यावरच सर्वांत जास्त माणसांचा भार!

वेगवान गाडी आणि पादचारी पूल

१९९४ मध्ये सर्वांना मताधिकार मिळाला. कोणी कुठे राहायचे हे सांगणारे कायदे त्याआधीच, १९९१ मध्ये, रद्द झाले होते. पण कायदा एका दिवसात रद्द होतो, रस्ते, रूळ आणि घरे जागची हलत नाहीत. नव्या सरकारने गरिबांसाठी मोठ्या प्रमाणावर घरे बांधली. ती बहुतेक जमीन स्वस्त मिळेल तिथे, म्हणजे पुन्हा शहराच्या कडेलाच बांधावी लागली.

ऑगस्ट २००९ मध्ये सोवेटोहून शहरात येणारी ‘रिया वाया’ ही बससेवा सुरू झाली. तिला रस्त्यात स्वतंत्र मार्गिका आहे. टॅक्सीवाल्यांनी आधी कडाडून विरोध केला. रँड ट्रामच्या वेळी बैलगाडीवाल्यांनी केला होता तसाच. पुढे टॅक्सीमालकांनाच बस चालवणाऱ्या कंपनीत भागीदार करून घेण्यात आले. जून २०१० मध्ये ‘गाउट्रेन’ धावू लागली. ताशी १६० किलोमीटर वेगाची ही गाडी जोहान्सबर्ग, सँडटन, विमानतळ आणि प्रिटोरिया यांना जोडते. सोवेटोत तिचे स्थानक नाही. साध्या उपनगरी रेल्वेची अवस्था मात्र खालावत गेली. २०२० मध्ये साथीच्या टाळेबंदीत गाड्या बंद असताना विजेच्या तारा आणि स्थानकांतले साहित्य चोरीला गेले, आणि अनेक मार्ग पुढे दीर्घकाळ बंद राहिले.

याच काळात शहराचे केंद्रही सरकले. मोठ्या कंपन्या जुन्या मध्यभागातून निघून उत्तरेला सँडटनमध्ये गेल्या. २००० साली शेअरबाजारही तिथे गेला. म्हणजे सोवेटोचा माणूस जागचा न हलता कामापासून आणखी लांब गेला. आणि अलेक्झांड्रा? सरकारने १९६३ मध्ये घरे पाडून तिथे फक्त कामगारांची वसतिगृहे ठेवण्याचे ठरवले होते. रहिवाशांनी चिवट झुंज दिली आणि १९७९ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. एकेकाळी लांब म्हणून गोऱ्यांनी नाकारलेले अलेक्झांड्रा आज देशातल्या सर्वांत श्रीमंत व्यापारी केंद्राच्या शेजारी आहे. मध्ये फक्त एक महामार्ग आहे.

हा महामार्ग ओलांडून अलेक्झांड्राचे हजारो लोक आजही सँडटनला पायी कामाला जातात. त्यांच्यासाठी चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा एक पूल बांधायला घेण्यात आला. १४ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याच्या बांधकामाचा सांगाडा खालच्या वाहनांवर कोसळला आणि दोन माणसे दगावली. त्यानंतर पूल पुरा झाला. शहरातल्या कोट्यवधींच्या रस्त्यांच्या मानाने हा पूल लहान आहे. पण काही लोक चालतात आणि त्यांची वाट हीसुद्धा वाहतूकच आहे, हे मान्य करायला जोहान्सबर्गला शंभराहून अधिक वर्षे लागली.

वर्गात करून पाहण्यासाठी

आपल्या वर्गातल्या मुलांच्या आईवडिलांचा कामावर जाण्याचा प्रवास हा एक उत्तम प्रकल्प होऊ शकतो. प्रत्येकाने चार गोष्टी लिहून आणाव्यात: घर ते काम किती अंतर, कोणते वाहन, किती वेळ आणि महिन्याच्या कमाईतला कितवा हिस्सा त्यावर जातो. सगळ्यांची माहिती एका तक्त्यात मांडली की कमाई आणि अंतर यांचा काही संबंध दिसतो का, ते पाहावे. सकाळी तुमच्या थांब्यावरून जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांत किती माणसे असतात, तेही दोन मुलांना अर्धा तास मोजायला सांगावे. मग एकच प्रश्न फळ्यावर लिहावा: हे अंतर कोणी ठरवले? उत्तरे वेगवेगळी येतील. काही मुले म्हणतील, आजोबांनी तिथे जमीन घेतली. काही म्हणतील, भाडे परवडत नाही. काही म्हणतील, आमची वस्ती हलवली. या उत्तरांपासून भूगोलाचा तास सुरू करता येईल.